झोप, नाहीतर अरब येईल

आमच्या परभणीच्या घरात बागुलबुवा नव्हता. अरब होता. दुपारी सगळे आडवे झाले की आजी मला कुशीत दाबून धरायची आणि अर्धवट झोपेत पुटपुटायची, "गप पड, न्हाईतर अरब यील." हा अरब दिसतो कसा, हे तिनं कधी सांगितलं नाही. मी तो माझ्यापुरता तयार करून घेतला होता. उंच, मेंदी लावलेल्या दाढीचा, कमरेला वाकडा सुरा आणि खांद्यावर रिकामं पोतं. ते पोतं कुणासाठी आहे याबद्दल मला शंका नव्हती.

आता गंमत अशी की आमच्या गल्लीच्या तोंडाशीच चाऊसचाचांचं सायकलचं दुकान होतं. पंक्चरची ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून ते ती इंचाइंचानं दाबत सरकवायचे, आणि बुडबुडा आला की माझ्याकडे बघून भुवई उडवायचे, जणू तो बुडबुडा मीच आणला होता. त्यांचे पणजोबा हजरमौतहून निजामाच्या फौजेत आलेले. पुस्तकात हद्रमौत असतं, चाचांच्या तोंडी कायम हजरमौत. दिवाळीला आमच्याकडून त्यांच्याकडे फराळाचं ताट जायचं, ईदला त्यांच्याकडून शीरखुर्म्याचा डबा यायचा. डबा परत देताना रिकामा द्यायचा नाही म्हणून आजी त्यात चार मुठी शेंगदाणे टाकायची.

दुसरीत असेन. धीर करून मी चाचांना विचारलं, "तुम्ही अरब आहात?"

"कोन बोल्या तेरेकू?" चाचांनी पान्हा खाली ठेवला. "अरब तिकडं अरबस्तानात. हम चाऊस. परभणीचे."

घरी येऊन आजीला विचारलं, तर ती म्हणाली, चाऊस म्हणजे अरबच की. मग तू त्यांना भीत कशी नाहीस? यावर तिनं माझ्याकडे मी गणितात नापास झाल्यासारखं पाहिलं. "अगं, ते आपले चाऊस. मी अरबाचं सांगते."

हे उत्तर मी पुढची चाळीस वर्षं वागवत आले आहे. कधी वाटतं आजी गोंधळलेली होती, कधी वाटतं या शब्दाबद्दल इतकं स्वच्छ कुणीच बोललेलं नाही.

तिच्या भीतीला हिशेब होता, हे मोठी झाल्यावर कळलं. एकोणिसाव्या शतकात हद्रमौतमधून, म्हणजे आजच्या येमेनच्या पूर्वेकडच्या मुलखातून, पुष्कळ लोक शिपाईगिरीसाठी हैदराबाद संस्थानात आले. त्यांच्या जमादारांनी गाठीला पैसा जमवला आणि तो व्याजानं लावला. आधी सरदारांना आणि जहागीरदारांना, मग खाली झिरपत गावोगाव. वसुलीसाठी त्यांना कचेरीत जायचं कारण नव्हतं, बंदूक घरचीच होती. बड्या जमादारांनी तर स्वतःचे तुरुंग ठेवले होते आणि कर्ज बुडवणाऱ्याला ते तिथं नेऊन बसवत. १८५३ साली दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगाची बरीच शक्ती या मंडळींचे हात आखडण्यात गेली. आजीच्या माहेरची बैलजोडी अशाच एका वसुलीत दावणीवरून सोडून नेली होती म्हणे. ती गोष्ट तिनं तिच्या आजीकडून ऐकलेली. तिच्या तोंडी 'अरब' हा एका धंद्याचा शब्द होता, सावकार आणि शिपाई एकाच अंगरख्यात. समोर पंक्चर काढणारा, ईदला डबा पाठवणारा माणूस त्या शब्दात मावत नव्हता, म्हणून तिनं त्याला सरळ बाहेर काढलं होतं.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आणि पिढ्यान्‌पिढ्या इथं असलेले अरब शिपाई परके ठरले. अनेकांना देशाबाहेर पाठवण्यात आलं. जे राहिले त्यांच्या नावातलं 'अरब' गळलं, 'चाऊस' उरलं. तो शब्दही अरबी नाही. तुर्की फौजेतल्या हवालदाराला चावुश म्हणत, त्याचा हा अवशेष. हैदराबादेत त्यांची वस्ती बरकस, म्हणजे इंग्रजांच्या 'बॅरक्स'. हद्रमौतचा माणूस, तुर्की हुद्दा, इंग्रजी पत्ता आणि भाषा दखनी.

---

१९९८ साली मी शारजाला एका व्यापारी कंपनीत हिशेबाच्या कामावर गेले. आता आपण अरबांत चाललो, अशी माझी समजूत. पहिला आठवडा मी ऑफिसात अरब शोधत होते.

मालक तिथलाच, पांढऱ्या शुभ्र पायघोळ कंदुऱ्यातला, पण तो महिन्यातून दोनदा यायचा आणि येताना पेढ्यांसारखा खजूर आणायचा. बाकीचे? मॅनेजर लेबनॉनचा, गळ्यात क्रूस. दर वाक्याला "इन्शाल्ला", दर शिंकेला "अल्‌हम्दुलिल्ला", आणि सुट्टीच्या दिवशी बायकापोरांना घेऊन चर्चमध्ये. मी चक्रावले. मग समजलं की अरबी बोलणारे ख्रिस्ती देवाला अल्लाच म्हणतात, प्रार्थनेतसुद्धा. त्यांच्याकडे देवाला रोजचा शब्द तोच. माझ्या शेजारच्या टेबलावरचा इजिप्तचा. त्याला मी बोलण्याच्या ओघात "तुम्ही अरब लोक" म्हणाले, तर त्यानं कॅल्क्युलेटर थांबवला. "मी मसरी," तो म्हणाला. म्हणजे मिसरचा, इजिप्तचा. "आमच्याकडे 'अरब' म्हणजे ते, वाळवंटातले, तंबूवाले." पण पुढच्याच आठवड्यात फुटबॉलच्या सामन्यात एका युरोपीय संघाला अरब देशानं हरवलं तेव्हा "आपण अरबांनी" असं म्हणत त्यानंच सगळ्यांना बक्लावा वाटला.

गोदाम सांभाळणारा सीरियाचा कुर्द होता. त्याच्या पासपोर्टवर देशाचं अधिकृत नाव 'सीरियन अरब प्रजासत्ताक' आणि आईशी फोनवर भाषा कुर्दी. चुलत्याला तर पासपोर्टच नव्हता. १९६२ साली सीरियाच्या हसाका प्रांतात एका दिवसात शिरगणती झाली आणि सुमारे एक लाख वीस हजार कुर्दांचं नागरिकत्व त्या कागदांनी काढून घेतलं, त्यात चुलत्याचं घर सापडलं. देशाच्या नावात एक विशेषण असतं, आणि त्या विशेषणात न बसणाऱ्याला ते रोज दिसत असतं. त्यानं हे कधी बोलून दाखवलं नाही. नवीन वर्षाचं कॅलेंडर आलं की त्यावरचं देशाचं पूर्ण नाव मात्र तो पांढऱ्या शाईनं खोडायचा, एवढंच.

आणि सुदानी उस्ताद. सरकारी कचेऱ्यांत फेऱ्या मारून व्हिसा, परवाने, शिक्के आणणारा आमचा मंदूब. रंगानं आबनुसासारखा. आमच्यातले भारतीय त्याच्यामागे सर्रास म्हणायचे, "तो कुठला अरब, तो तर आफ्रिकन." आणि त्याच ऑफिसात मॅनेजरपासून मालकापर्यंत सगळे पत्र पाठवण्याआधी उस्तादकडून तपासून घ्यायचे, कारण व्याकरणात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. लहानपणी मशिदीच्या शाळेत लाकडी पाटीवर बोरूनं लिहून शिकलेली अरबी त्याची. आफ्रिकन आणि अरब यांतलं एकच काहीतरी निवडायला लावणारे आम्ही. तो दोन्ही होता आणि त्याला त्यात काही अडचण दिसत नव्हती. सुदान हे नावच मुळी अरबीतून आलेलं, 'काळ्यांचा मुलूख' या अर्थाच्या शब्दांतलं अर्धं, हे त्यानंच हसत हसत सांगितलं. त्या हसण्यात थोडा कडूपणा होता.

एका संध्याकाळी करक चहा पीत होतो. करक म्हणजे आपलाच कडक. आपल्या लोकांनी तिकडे नेला आणि तिकडचाच झाला. मी काहीतरी बोलताना 'अरब' म्हणाले तर उस्ताद म्हणाला, "तू तो शब्द म्हणतच नाहीस."

"म्हणजे?"

"तू अलिफनं सुरुवात करतेस. तो ऐननं सुरू होतो." मग त्यानं स्वतःच्या गळ्याच्या घाटीवर बोट ठेवलं आणि मलाही ठेवायला लावलं. "इथून. पाणी गिळताना जिथं आवळतं, तिथून."

मी प्रयत्न केला. कुर्द गोदामवाला धावत आला, त्याला वाटलं मला ठसका लागला.

उस्तादनं चहाच्या कागदी पेल्यावर बॉलपेननं तीन अक्षरं काढली, ऐन, रे, बे, आणि मग म्हणाला, तुझ्या भाषेतले शब्द सांग. मी सांगत गेले, तो ओळखत गेला. अक्कल, अर्ज, इमारत, अंमल, ऐवज, इज्जत. सगळ्यांच्या सुरुवातीला ऐन, आणि मराठीनं तो सफाईनं गिळलेला. तालुका, तालीम, कायदा, यांच्या पोटात ऐन. किल्ल्याच्या शेवटी होता, तोही गेला. तालीम म्हणजे शिक्षण, हे ऐकून मला कोल्हापूरची लाल माती आठवली आणि हसू आलं. मी त्याला सांगितलं की आमच्याकडे तालमीत जाणारा मुलगा शाळेत जाईलच असं नाही. 'कायदा' मात्र त्यानं हळू आवाजात उच्चारला. ही २००१ नंतरची गोष्ट आहे, आणि अल्‌-कायदा म्हणजे नुसता 'पाया' किंवा 'तळ', हे त्या दिवसांत मोठ्यानं सांगणंही जोखमीचं झालं होतं. माझे वडील परभणीत 'कायदेशीर सल्लागार' अशी पाटी लावून बसतात, हे मी त्याला सांगितलं. चहा त्याच्या नाकातून बाहेर आला.

---

त्या पेल्यावरच्या तीन अक्षरांमागे मी नंतर बरीच वर्षं हिंडले. मुळाशी काय आहे यावर विद्वानांचं एकमत नाही. कुणी वाळवंट धरतं, कुणी भटकेपणा. उस्तादचा कल तिसऱ्या बाजूला होता, स्पष्ट बोलणं. एअराब म्हणजे अरबी व्याकरणातले शब्दांच्या शेवटचे विभक्तीसारखे बदल, शब्दशः 'स्पष्ट करणं'. आणि जो अरब नाही तो अजम, तोंडात बोळा धरल्यासारखा बोलणारा. आपल्याकडचा म्लेच्छसुद्धा मुळात अस्पष्ट बोलणाराच ना! शेजाऱ्याची भाषा कळली नाही की दोष त्याच्या जिभेला लावायचा, ही सोय फार जुनी आहे.

हा शब्द पहिल्यांदा लिहिलेला सापडतो तो अरबांनी लिहिलेला नाही. इसवी सनापूर्वी ८५३ मध्ये असिरियाचा, म्हणजे आजच्या उत्तर इराकमधला, राजा तिसरा शाल्मनेसर कारकारच्या लढाईत बारा राजांच्या आघाडीशी लढला. त्याच्या शिलालेखात शत्रूंची यादी आहे. अमक्याचे रथ, तमक्याचे पायदळ, आणि मध्येच 'गिंदिबू, अरब, एक हजार उंट'. शत्रूच्या कारकुनानं केलेली ही नोंद. त्यात माणूस एक आणि उंट हजार. तीन हजार वर्षांत जगानं अरबाच्या चित्रात याहून फारशी भर घातलेली नाही, असं मला कधी कधी वाटतं.

स्वतःला कुणी राजा 'अरबांचा' म्हणवून घेतो ते त्यानंतर हजारावर वर्षांनी. सीरियातल्या नमारा इथं इमरू अल्‌-कैसच्या कबरीवरचा लेख इसवी सन ३२८ चा आहे; आता तो पॅरिसच्या लुव्र संग्रहालयात असतो. त्याचं वाचन सहसा 'सगळ्या अरबांचा राजा' असं करतात. भाषा अरबी, लिपी मात्र नबातियन, उसनी. कुराणात पुन्हा वेगळाच पदर आहे. भाषेला 'स्पष्ट अरबी' म्हटलं आहे, आणि वाळवंटातल्या भटक्यांना 'अअराब', ज्यांच्यातल्या काहींच्या श्रद्धेबद्दल चांगलीच नाराजी आहे. इजिप्तच्या माझ्या सहकाऱ्याचं "ते तंबूवाले" असं हवेत उगवलेलं नव्हतं तर. चौदाव्या शतकातला इतिहासकार इब्न खल्दूनसुद्धा अनेक ठिकाणी 'अरब' लिहितो तेव्हा त्याच्या मनात भटके बदूच असतात. त्याची ती वाक्यं एकेकटी उचलून पुढे कितीतरी लोकांनी 'बघा, त्यांचाच माणूस त्यांच्याबद्दल काय म्हणतो' म्हणून फडकवली.

सगळ्यात मजेचा भाग वंशावळीचा. जुने वंशावळकार अरबांचे दोन भाग करत, अस्सल अरब आणि 'अरब झालेले'. अस्सल ते दक्षिणेतले, कहतानचे वंशज. उत्तरेतले अदनानचे वंशज हे इस्माईलचे, आणि इस्माईल तर जुरहुम टोळीत राहून अरबी शिकलेला. पैगंबरांचं कुरैश घराणं या दुसऱ्या फळीतलं. म्हणजे परंपरेच्याच हिशेबानं जगातलं सर्वांत मानाचं अरब घराणं भाषा शिकून अरब झालेलं आहे. रक्ताची शुद्धता शोधायला निघालेल्यांनी ही ओळ दोनदा वाचावी. १९४५ च्या मार्चमध्ये कैरोत अरब लीग स्थापन झाली, तिच्याही व्याख्येत रक्त नाही. ज्याची भाषा अरबी, जो अरबी भाषकांच्या देशात राहतो आणि त्यांच्या आकांक्षांशी ज्याचं मन जुळलेलं आहे, तो अरब. यातल्या तिसऱ्या अटीत मात्र राजकारण गच्च भरलेलं आहे. आकांक्षा कुणाच्या, आणि मन जुळलं की नाही हे तपासणार कोण? गोदामवाल्याला विचारा.

---

आपला आणि त्यांचा संबंध जोडायला निजामापर्यंत थांबायचं कारण नाही. फक्त आपण त्यांना तेव्हा 'अरब' म्हणत नव्हतो. संस्कृत ताम्रपटांत शब्द आहे 'ताजिक'. तोही त्यांचा स्वतःचा नव्हे. इराण्यांना जवळची पडणारी एक अरब टोळी होती, तय्य; तिच्यावरून त्यांनी सगळ्यांनाच ते नाव दिलं आणि ते आपल्यापर्यंत पोचलं. ७३९ सालच्या नवसारीच्या ताम्रपटात चालुक्य पुलकेशी अवनिजनाश्रयानं ताजिक फौजेला हरवल्याची फुशारकी आहे. शाळेत एवढंच सांगतात. त्याच किनाऱ्यावरचा, पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीचा ताम्रपट सांगत नाहीत.

तो ९२६ सालचा, राष्ट्रकूट तिसऱ्या इंद्राच्या काळचा. त्यात संजाणच्या मंडलाचा अधिकारी म्हणून एक ताजिक आहे, नाव 'मधुमती'. हा मुहम्मद! कुणा कारकुनानं कानावर पडलेलं नाव संस्कृतात बसवलं आणि ते इतकं गोड बसलं. या मधुमतीनं दोन प्रवाहांवर फुकट होड्या ठेवल्या आणि संजाणात अन्नछत्र घातलं, जिथं साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे. देवीच्या मठाला दान देण्याच्या व्यवहारातही तोच आहे. एखाद्या संध्याकाळी पलीकडच्या गावाहून आलेला, भिजलेला, उपाशी वाटसरू पत्रावळीवर गरम भात आणि त्यावर तूप वाढून घेतोय, आणि हे कुणाचं छत्र विचारल्यावर वाढपी म्हणतोय, "ताजिकाचं". त्या वाटसरूच्या तोंडात हा शब्द तुपाच्या चवीचा झाला असणार.

याच सुमाराला, ९१५-१६ च्या आसपास, बगदादचा प्रवासी इतिहासकार अल्‌-मसूदी आपल्या चौलला येऊन गेला. त्याच्या लिखाणात ते सैमूर आहे. तिथं त्याला दहा हजारांच्या घरात मुसलमान वस्ती दिसली. ओमान, बसरा, बगदाद, सिराफकडून आलेले, आणि इथंच जन्मलेले. इथं जन्मलेल्यांना तिथं वेगळं नाव होतं, बयासिरा. अरबांच्या यादीतच 'इकडचे' आणि 'तिकडचे' असा भेद दहाव्या शतकात चौलच्या बंदरावर सुरू झालेला होता. चाऊसचाचांच्या आधी हजार वर्षं!

ताजिक शब्दाचं पुढं काय झालं? जुन्या मराठीत 'ताजी' म्हणजे अरबी घोडा. मध्य आशियात तोच शब्द वळणं घेत घेत फारसी बोलणाऱ्यांना चिकटला आणि आज ताजिकिस्तान उभा आहे, जिथं अरब फारसे नाहीत. आणि आपल्याकडे तो ज्योतिषात जाऊन बसला. वर्षफळ मांडणारे गुरुजी ज्याला ताजिक पद्धत म्हणतात ती ही. त्यातली मुंथा, सहम, इत्थशाल हे सगळे अरबी शब्द. इत्थशाल म्हणजे इत्तिसाल, जोडणी. आमच्याकडे येणाऱ्या एका गुरुजींना हे मी उत्साहानं सांगितलं. त्यांनी सोवळ्यातच डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, "असेल. पण फळ बरोबर येतं."

मालेगावच्या किल्ल्याची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण तिच्यात मराठीची एक चूक आहे आणि मला ती प्रिय आहे. १८१८ च्या उन्हाळ्यात, पेशवाई बुडाल्यावर, तिथल्या अरब शिबंदीनं जवळजवळ महिनाभर इंग्रजांना दाद दिली नाही. शेवटी शरण आले तेव्हा अटींचा कागद मराठीत लिहिला गेला, आणि लिहिणाऱ्याच्या हातून त्यात इंग्रजांच्या मनात होतं त्यापेक्षा जास्त औदार्य उतरलं. एल्फिन्स्टननं तो उदार अर्थच ग्राह्य धरला. अरब आणि इंग्रज यांच्यामध्ये मराठी कारकुनाची लेखणी घसरली आणि माणसं वाचली.

---

घसरण दर वेळी अशी भल्याची नसते. १० ऑक्टोबर २००८ ला अमेरिकेत मिनेसोटातल्या सभेत एक बाई ओबामांविरुद्ध अध्यक्षपदाला उभे असलेल्या जॉन मॅकेनना म्हणाल्या, ओबामांवर माझा विश्वास नाही, तो अरब आहे. मॅकेननी त्यांच्या हातून माईक घेतला आणि सांगितलं, नाही हो बाई, तो एक सभ्य, कुटुंबवत्सल माणूस आहे. लोकांनी त्यांच्या दिलदारीचं कौतुक केलं. मीही शारजात टीव्हीवर ते बघून "वा" म्हणाले. शेजारी उस्ताद बसला होता. तो म्हणाला, "म्हणजे मी कोण?" मला अर्धा मिनिट लागला समजायला. अरब आहे का, तर नाही, सभ्य आहे. वाईट हेतूशिवाय, चांगुलपणाच्या भरात बोललेलं वाक्य, म्हणून तर जास्त बोचणारं.

त्याच देशात २००१ च्या सप्टेंबरमध्ये, हल्ल्यानंतर चौथ्या दिवशी, अॅरिझोनातल्या मेसा इथं बलबीरसिंग सोढी या शीख माणसाला स्वतःच्या पेट्रोलपंपासमोर गोळी घातली गेली. मारणाऱ्याला पगडी आणि दाढी दिसली आणि त्याच्या डोक्यातला 'अरब' पुरा झाला. आणि त्याच देशात अरबांना सरकारी कागदावर कित्येक दशकं 'गोरे' धरत; वेगळा रकाना करायचं २०२४ च्या मार्चमध्ये ठरलं. विमानतळावर अरब, जनगणनेत गोरा. जुन्या इंग्रजीत तर लंडन-न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर झोपणाऱ्या बेवारस पोरांना 'रस्त्यावरचे अरब' म्हणत. पोरं आयरिश असोत नाहीतर इटालियन. घर नाही ना, मग अरब. हिब्रूत वाईट, वेडंवाकडं काम म्हणजे 'अरबी काम'.

त्यांना हसायच्या आधी आपलं बघू. ऐंशीच्या दशकातल्या दिवाळी अंकांतल्या व्यंगचित्रांत अरब कसा असायचा? ढेरपोट्या, काळा गॉगल, मागे चार बुरखे. पावसाळ्यात मुंबईला अरब कुटुंबं यायची ती केवळ पाऊस बघायला. कुलाब्याच्या कट्ट्यावर भिजत उभं राहून हसणारी म्हातारी अरब बाई मी स्वतः पाहिली आहे. ती व्यंगचित्रात कधी आली नाही. तंबूत शिरलेल्या उंटाची गोष्ट तर आपल्या राजकारणाचं निम्मं भाषण भागवते. उंट आधी नाक घालतो, मग मान, मग अरब बाहेर. ती मी इजिप्तच्या सहकाऱ्याला सांगितली. त्यानं ती कधीच ऐकली नव्हती. "मी उंटावर एकदाच बसलोय," तो म्हणाला, "पिरॅमिडपाशी, पर्यटकांबरोबर. पैसे जास्त घेतले."

आणि उलटा आरसा त्याच ऑफिसात होता. आखाती अरबीत, कुणी आपल्याला गंडवतोय असं वाटलं की पटकन म्हणतात, "शायिफनी हिंदी?" मी काय तुला हिंदी दिसलो का? हिंदी म्हणजे भारतीय, म्हणजे बावळट, म्हणजे हवं ते खपवून घेणारा. मालक एकदा फोनवर कुणावर तरी ओरडत होता आणि हे वाक्य त्याच्या तोंडून गेलं. समोर सहीसाठी फाईल धरून मी उभी. त्याच्या लक्षातही आलं नाही. उस्तादच्या आलं. नंतर तो माझ्या टेबलापाशी आला, म्हणाला, "आमच्याकडे आकड्यांना 'हिंदी आकडे' म्हणतात. तलवारीचं पोलाद हिंदचं, म्हणून तलवार 'मुहन्नद'. मुलींची नावं हिंद ठेवतात." तो माझी समजूत काढत होता. त्या दिवशी मला ती नको होती. सही झालेली फाईल मी जरा जोरात आपटली, एवढं आठवतं.

चाचांचा धाकटा मुलगा त्याच सुमाराला जेद्दाला गाडी चालवायचा. सुट्टीत भेटला तेव्हा त्यानं सांगितलं, तिथं पहिल्या दिवशी मी अभिमानानं सांगितलं, आम्ही मूळचे हजरमौतचे. समोरच्यानं पासपोर्ट बघितला आणि म्हणाला, हिंदी. "परभणीत अरब, तिकडं हिंदी," तो म्हणाला, आणि पंक्चरची ट्यूब घमेल्यात बुडवली. वडिलांसारखीच.

पुण्यात आल्यावर 'अरब'चा आणखी एक अवतार भेटला. भाच्याच्या हिंदीच्या पुस्तकात होतं, भारत की आबादी एक अरब से अधिक. त्यानं मला गंभीरपणे विचारलं, मग बाकीचे कुठे गेले? हा अरब संस्कृत अर्बुदातून आलेला, शंभर कोटी; आपण मराठीत अब्ज म्हणतो म्हणून आपली या घोटाळ्यातून सुटका आहे. मी कॅम्पात जाते तेव्हा वाटेत लाल देवळाचा मनोरा दिसतो. ससून घराण्यानं १८६७ साली बांधलेलं ज्यूंचं प्रार्थनास्थळ. मागेच डेव्हिड ससूनची कबर. बगदादहून आलेला तो माणूस अखेरपर्यंत बगदादी झग्यात वावरला, आणि त्याच्या समाजाची घरातली भाषा अरबी, लिपी हिब्रू. त्यांना आज अरब कुणी म्हणत नाही. अरब लीगच्या तीन अटींतली पहिली त्यांना पुरेपूर लागू होती.

---

मागच्या पावसाळ्यात कोंढव्यात आमच्या सोसायटीखालच्या किराणा दुकानात उभी होते. एक उंच, हडकुळा मुलगा आला, ब्रेड आणि अंडी घेतली. दुकानदार बार्शीकडचा. म्हणाला, "काय अरब, परीक्षा कवा?" मुलगा हसला. पुण्यात येमेनी, सुदानी, इराकी मुलं शिकायला कित्येक वर्षं येतात. कोंढव्याला त्यांचं नवल नाही. मी मोडक्या अरबीत विचारलं, कुठला? येमेन. येमेनमध्ये कुठं? "हद्रमौत. सैऊन."

मी उडालेच. त्याला परभणीबद्दल सांगितलं, चाचांबद्दल, बरकसबद्दल. 'चाऊस' त्याला माहीत नव्हतं. मग मला चाचांचं खरं आडनाव आठवलं, 'बा'नं सुरू होणारं, जे ते फक्त रेशनकार्डावर लिहायचे. ते ऐकल्यावर मुलाचे डोळे मोठे झाले. त्याच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्या नावाची आळी आहे म्हणाला.

"ते अरबी बोलतात?"

"नमाजापुरती. आणि पाचसात शिव्या."

"शिव्या कुठल्या?"

मी एक सांगितली. तो इतका हसला की अंड्यांचा ट्रे हलला. म्हणाला, ही आता आमच्याकडेही फक्त म्हाताऱ्या देतात.

तेवढ्यात दुकानदारानं वही काढली. "अरब, मागचे १४० राहिलेत बरं का."

"उद्या देतो, काका. बँकेत अजून आले नाहीत," मुलगा मराठीत म्हणाला. 'ळ', 'ण' लागत नाहीत अशी वाक्यं तो निवडून बोलत असावा.

माझा हिशेबनिसाचा डोळा, वहीकडे गेलाच. उधारीचं पान, निळ्या शाईत, वरून खाली: शिंदेकाकू ६०. बी-७ वाले २१५. वॉचमन ३०. अरब १४०. अरब काळा ८५. त्या शेवटच्या नावावर मी बोट ठेवलं. कोण हा?

"तो होय, सुदानी. चांगला पोरगा आहे," दुकानदार म्हणाला, "पर दोघंबी अरबच, मग वळखू कसा मी?"

"नावं विचारा की."

त्यानं पेन कानामागून काढलं, येमेनी मुलाकडे बघितलं आणि वही त्याच्यापुढे सरकवली. मुलानं आधी उजवीकडून लिहायला सुरुवात केली, थांबला, खोडलं, आणि मग डावीकडून, एकेक काना-मात्रा जुळवत, देवनागरीत लिहू लागला.